नागपुरात ज्येष्ठांनी दुपारी जायचे कुठे?

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे आणि आई त्यांच्या मागोमाग आहे. दोघेही हिंडते-फिरते आहेत, गुडघ्यांची किरकोळ तक्रार सोडली तर प्रकृती चांगली आहे, आणि सकाळ-संध्याकाळचा प्रश्न त्यांनी आपापल्या परीने सोडवलेला आहे. पहाटे फिरणे, योगासने, वर्तमानपत्र आणि पूजा यांत दहा वाजतात. सहानंतर बाबा चौकातल्या कट्ट्यावर आणि आई मंदिरात असते. अडचण आहे ती अकरा ते पाच या वेळेची. आम्ही नवराबायको कामावर, मुलगी शाळेत, आणि घरात हे दोघे टीव्हीसमोर नाहीतर मोबाइलसमोर.

'नागपुरात ज्येष्ठांसाठी काय आहे?' असे कोणालाही विचारले की बागांची आणि तलावांची नावे येतात: अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, महाराजबाग. ही ठिकाणे सुंदर आहेत, पण ती पहाटेची आणि तिन्हीसांजेची आहेत. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा वाजता अंबाझरीच्या काठावर कोण जाणार? डोक्यावर छप्पर, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि बोलायला चार समवयस्क माणसे, एवढे जिथे मिळेल अशा जागा मी शोधतो आहे. थोडा खर्च झाला तरी हरकत नाही, मात्र तो नेहमी परवडला पाहिजे. आपल्या घरच्या ज्येष्ठांचा, किंवा आपण स्वतः ज्येष्ठ असल्यास स्वतःचा, अनुभव कृपया सांगावा.

बर्डीकर

छपराखालच्या जागा नागपुरात वाटतात तितक्या कमी नाहीत, आपल्यालाच त्यांचा विसर पडला आहे. अजब बंगला घ्या. हे मध्यवर्ती संग्रहालय 1863 पासून आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत एकदा पाहिल्यावर पुन्हा तिकडे पाऊल टाकलेले नाही. शिल्पे, नाणी, शस्त्रे, आदिवासी जीवनाचे दालन, पेंढा भरलेले पक्षी हे सगळे एका फेरीत उरकण्यासारखे नाही; एका दिवशी एक दालन असे ठरवून सावकाश पाहावे. गांधीसागरजवळचे रमण विज्ञान केंद्र 1992 पासून आहे आणि तिथल्या तारांगणाचा खेळ दुपारच्या उन्हात फार बरा वाटतो. सुट्टीत नात सोबत असेल तर आजोबांना समजावून सांगण्याचे समाधानही मिळते.

कडबी चौकातले नॅरोगेज रेल्वे संग्रहालयही सुचवेन. नागपूर-नागभीड छोटी गाडी 2019 मध्ये बंद झाली. त्या गाडीने प्रवास केलेल्या माणसाला तिथली इंजिने पाहताना माहितीफलक वाचण्याची गरज पडत नाही.

तर्रीप्रेमी

धागाकर्त्यांनी अंबाझरीला दुपारी बाराचे विचारले आहे. मे 2024 च्या अखेरीस आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याने यंत्रच बिघडल्याचे सांगितले. त्या यंत्राला दुपारी बाहेर ठेवले होते, हे लक्षात घ्यावे.

वाचनवेडी

बर्डीकर, संग्रहालय एकदा पाहून होते, दोनदा पाहून होते. रोजची जागा म्हणजे वाचनालय. आपल्याकडे 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळवणारी वाचनालये शहराच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या भागात आहेत. बर्डीवरचे राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय सर्वांना ठाऊक असते, पण आपल्या घराजवळ एखादे छोटे वाचनालय आहे का, हे पुष्कळांना माहीत नसते. माझे सासरे गेली काही वर्षे अशाच एका छोट्या वाचनालयात जातात. तिथे वर्तमानपत्रांसाठी तिरपे लाकडी स्टँड आहेत, दिवाळी अंक वर्षभर पुरतात, आणि ग्रंथपालांना त्यांची आवड पाठ झाली आहे.

दोन अडचणी मात्र आधीच सांगते. पहिली अशी की अनेक वाचनालये सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. म्हणजे आपल्याला हवी असलेली नेमकी वेळच वगळली जाते. दुसरी अशी की जिथे दिवसभर अभ्यासिका चालते तिथे स्पर्धा परीक्षेची मुले सकाळी सातपासून जागा धरून बसतात, आणि त्यात त्या मुलांचा दोष नाही. अशा ठिकाणी आजोबा खोकले तरी चार माना वर होतात. सासऱ्यांच्या वाचनालयाने यावर तोड काढली: नियतकालिकांचा विभाग वेगळ्या खोलीत नेला आणि तिथे हलक्या आवाजात बोलायला परवानगी दिली. त्या एका परवानगीमुळे खोली भरू लागली.

ऑरेंज_लाइन

मनीषनगर म्हणजे उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगर स्थानक तुम्हाला जवळ पडेल. माझा आग्रह असा की आधी आईबाबांना मेट्रोची सवय लावा. पुढचे पर्याय आपोआप दुप्पट होतात. डिसेंबर 2022 मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाल्यापासून खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर अशा दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात. कडबी चौकात उतरले की नॅरोगेज संग्रहालय, झाशी राणी चौकात उतरले की विदर्भ साहित्य संघाचे संकुल, कॉटन मार्केटला उतरले की रमण विज्ञान केंद्र फार लांब नाही. स्थानकांवर उद्वाहक आहेत, डबे गार आहेत आणि दुपारी गर्दी नसते.

माझे काका तर कुठेही जाण्यासाठी मेट्रोत बसत नाहीत. ते मेट्रोत बसण्यासाठीच घराबाहेर पडतात. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात, मध्ये बर्डीला मार्गिका बदलतात आणि गड्डीगोदामजवळ गाडी उंचावरून जाते तेव्हा खाली दिसणारी रेल्वे पाहून येतात. आम्ही आधी हसलो, आता त्यांच्यासोबत शेजारचे दोघे जातात.

तर्रीप्रेमी

परतीच्या वाटेवर तर्री-पोहे खाल्ले जात नसतील तर तो प्रवास नियमबाह्य मानावा. माझ्या ओळखीच्या सकाळच्या एका फिरणाऱ्या गटात चालण्याने जेवढे कमी होते त्याहून अधिक पोह्यांच्या ठेल्यावर मिळवले जाते, आणि तरीही गटाची हजेरी शंभर टक्के असते. ठेला हटवला तर गट उरणार नाही.

अण्णा_धंतोली

मी स्वतः सत्याहत्तर वर्षांचा आहे, म्हणून थोडे कडू बोलण्याचा अधिकार घेतो.

धागा वाचताना मला असे जाणवले की प्रश्न मुलाचा आहे, उत्तरे इतर मुलांची आणि सुनांची आहेत, आणि ज्यांची दुपार घडवायची आहे ते दोघे यात कुठेच नाहीत. चाळीस वर्षे मी घड्याळाच्या काट्यावर नोकरी केली. दुपारी जेवून पंख्याखाली आडवे होणे आणि चार वाजता चहाच्या वासाने जागे होणे ही माझ्या निवृत्तीतली सर्वांत मोठी चैन आहे. ती कोणाला रिकामपण वाटत असेल तर तो पाहणाऱ्याचा प्रश्न आहे. म्हातारा माणूस स्वस्थ बसला की मुलांच्या जिवाला घोर लागतो, आणि मग ते त्याला छंदवर्गात घालायला निघतात. त्यांनी स्वतःच्या मुलांनाही असेच उन्हाळी शिबिरात घातलेले असते.

आम्हाला जागा नको असे मी म्हणत नाही. आमची व्यवस्था लावू नका, असे म्हणतो. बाबांना एकदा सरळ विचारा की त्यांना कंटाळा येतो का. 'येतो' म्हणाले तर हा धागा पुढे चालवा.

मनीषनगरकर

अण्णा, तुमचा मुद्दा मान्य आहे, आणि बाबांना विचारूनच मी लिहिले आहे. त्यांचे शब्द असे होते: 'वेळ जातो, पण बोलायला कोणी नसते.' झोपेबद्दल तक्रार नाही. ती त्यांचीही पक्की आहे. झोपेच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास हा खरा विषय आहे. आईला विचारले तेव्हा तिने आधी 'मला कुठे वेळ आहे?' असा प्रतिप्रश्न केला.

स्नेहल_त्रिमूर्तीनगर

तुमच्या आईच्या प्रतिप्रश्नावर हा धागा थांबायला हवा होता, पण तो पुढे सरकेल अशी भीती वाटल्याने लिहिते.

ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र, कट्टा, पत्त्यांचा अड्डा, वाचनालय: अशा बहुतेक जागांवर दुपारी जाऊन पाहा, पुरुषच दिसतील. बायकांच्या दुपारी बाहेरून पाहता भरलेल्या असतात. भजनी मंडळ तीन ते पाच, महिन्याची भिशी, चैत्रातले आणि संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू, श्रावणात पोथी. आमच्या वस्तीतल्या मंडळात तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने म्हणतात आणि ती ऐकायला मीदेखील मुद्दाम थांबते. हा सारा विरंगुळा बायकांनी स्वतः, कोणत्याही योजनेशिवाय उभा केलेला आहे आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे.

पण त्याआधी आणि त्यानंतर काय असते? नातवाची शाळेची व्हॅन साडेबाराला येते, त्याला जेवू घालायचे असते. कामवालीसाठी कोणीतरी घरी हवे असते. आजोबांचा चार वाजताचा चहा, ज्याच्या वासाने अण्णा जागे होतात, तोही कोणीतरी टाकलेला असतो. माझ्या आईला मी एका चित्रकला वर्गात नाव घालून दिले. तिला तो मनापासून आवडला, पण शिक्षण संपण्याआधीच तिने सोडला, कारण वर्गाची वेळ आणि व्हॅनची वेळ एकच होती. ज्येष्ठ स्त्रीला विरंगुळा द्यायचा असेल तर तिच्यासाठी जागा शोधण्याआधी आठवड्यातल्या दोन दुपारी तिच्या डोक्यावरचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे लागेल. हे नागपूर महानगरपालिका करू शकत नाही, घरच्यांनाच करावे लागेल.

अण्णा_धंतोली

चहा मी स्वतः करतो, हे नोंदवून ठेवतो. वासाने जागी होते ती आमची सौ. माझे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येते, हे मान्य. बाकी मजकुराशी पूर्ण सहमत.

वाचनवेडी

'स्वतःच्या चहाच्या वासाने जागे होणे' यावर स्वतंत्र धागा निघू शकेल.

वैद्यकी

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. कोणाच्या प्रकृतीबद्दल सल्ला देत नाही, फक्त या विषयाशी जोडलेली एक बाजू मांडतो. स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगाने 2024 च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्यासारखे 14 धोक्याचे घटक नोंदवले आहेत. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्या जोडीला सामाजिक एकाकीपणा, ऐकू कमी येणे आणि दृष्टिदोषावर उपचार न होणे हेही आहेत. म्हणजे चार माणसांत जाऊन बसणे ही केवळ हौस नाही.

यातला ऐकू कमी येण्याचा भाग नागपूरच्या बाबतीत मला विशेष महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मार्चपासून प्रत्येक सभागृहात, वाचनालयात आणि समाजभवनात मोठे कूलर लावतात. तरुण माणसाला त्या घरघरीतून समोरच्याचे बोलणे वेगळे काढता येते. श्रवण कमी झालेल्या माणसाला ते जमत नाही. तो आधी दोनदा 'काय म्हणालात?' विचारतो, मग हसून मान डोलावतो, आणि काही दिवसांनी यायचेच बंद करतो. घरचे म्हणतात, 'त्यांना आवड राहिली नाही.' आपल्या ज्येष्ठांनी एखादी मैफल किंवा गट अचानक सोडला असेल तर कानाची तपासणी आधी करून घ्यावी. आणि जे कोणी अशा जागा चालवतात त्यांनी कूलर दाराशी ठेवावा, माणसांना दूरच्या कोपऱ्यात लहान गोल करून बसवावे. याला काहीच खर्च येत नाही.

इंदोरा_वाचक

वैद्यकी यांच्या प्रतिसादाबद्दल आभार. आमच्या उत्तर नागपुरातला अनुभव थोडा निराळा आहे, तो मांडतो.

आमच्याकडे ज्येष्ठांचे दुपारचे केंद्र म्हणजे वस्तीतले बुद्धविहार. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने तिथे रोज धम्मग्रंथाचे वाचन चालते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि वाचन संपल्यावर अर्धा तास चर्चा होते, ज्यात ग्रंथापेक्षा पाणीपुरवठा अधिक येतो. ज्या आजींना अक्षरओळख उशिरा झाली त्या तिथे पहिल्यांदा चारचौघांत वाचायला उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. पावसाळ्याच्या दिवसांत हे उत्तम चालते; उन्हाळ्यात मात्र विहारही दुपारी बंद असते. मोकळा दिवस असेल तेव्हा काही जण मिळून कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला जातात. तिथली ध्यानाची शांतता दुपारी खरोखर लाभते.

आता थोडे कडवट. या धाग्यातला 'ज्येष्ठ' म्हणजे पेन्शन असलेला ज्येष्ठ आहे. माझे मोठे काका अडुसष्टाव्या वर्षी ऑटो चालवतात आणि त्यांची दुपार अजनी स्थानकाबाहेर सवारीची वाट पाहण्यात जाते. त्यांना विरंगुळा कुठे मिळतो असे विचाराल तर त्याच रांगेत, ऑटोच्या मागच्या सीटवर, बाकीच्या चालकांबरोबर. त्यांच्यासाठी काही करायचे झाल्यास त्या रांगेवर शेड आणि पिण्याचे पाणी द्यावे लागेल. विरंगुळा केंद्र त्यांच्या कामाचे नाही.

मनीषनगरकर

इंदोरा_वाचक, खरे सांगायचे तर माझ्या प्रश्नात 'परवडले पाहिजे' हे शब्द होते, पण त्यामागे इतका विचार नव्हता. महापालिकेच्या बागा निदान उन्हाळ्यात तरी दुपारी उघड्या राहिल्या तर तुमच्या काकांसारख्यांना झाडाची सावली मिळेल. आमच्या भागातली बाग सकाळच्या फेरीनंतर कुलूपबंद होते आणि थेट चारनंतर उघडते, म्हणजे सावलीची गरज असते त्या वेळेला सगळी झाडे कुलपात असतात.

नाट्यवेडा

कोणी अजून नाटकाचे नाव काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. हिवाळ्यात हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरची प्राथमिक फेरी असते. अलीकडे ती लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात मी पाहिली आहे. तिकीट इतके किरकोळ असते की ते काढताना संकोच वाटतो. सलग अनेक दिवस वेगवेगळ्या संघांची नाटके, त्यात काही फसलेली, काही चकित करणारी, आणि प्रत्येक नाटकानंतर बाहेरच्या चहावर परीक्षकांच्या आधी प्रेक्षकांनी केलेले परीक्षण. मागच्या रांगांत नेहमीचेच ज्येष्ठ प्रेक्षक बसतात. कोणत्या वर्षी कोणत्या संघाचा पडदा अडकला हे त्यांना ठाऊक असते. प्रयोग संध्याकाळचे असतात, त्यामुळे दुपारच्या प्रश्नाला हे थेट उत्तर नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या दुपारी बोलायला विषय मिळतो.

हौस दांडगी असेल तर दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटके पाहायला वडसा, ब्रह्मपुरीकडे जावे. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावात मंडप पडतो आणि नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. सत्तरीच्या माणसाला हे झेपेल का, असे घरचे विचारतील. माझ्या आजोबांना नाटक झेपत होते. परतीच्या रस्त्यावरचे खड्डे झेपत नव्हते.

बर्डीकर

नाटकाला पायऱ्या हा मोठा अडथळा आहे. शहरातल्या एका सभागृहात (नाव घेत नाही) वरच्या मजल्यावर जायला उद्वाहक आहे, पण त्याची किल्ली ज्या गृहस्थांकडे असते ते प्रयोगाच्या वेळी सापडत नाहीत. माझ्या आईने दोन अंकांमध्ये स्वच्छतागृहाकडे जायचे म्हणून पूर्ण दिवस पाणी कमी प्यायले होते. कार्यक्रमपत्रिकेवर पाहुण्यांची सात नावे छापतात. 'स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे' हे एक वाक्य छापले तर हॉल अर्धा भरेल.

जामठा_एंड

अवांतर वाटेल, पण रणजीचा सामना हा ज्येष्ठांसाठी अत्यंत योग्य खेळ आहे. घाई नाही, आवाज नाही, चार-पाच दिवस चालतो, मध्येच डुलकी लागली तरी काही निसटत नाही. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर सामना असला की सावलीच्या बाजूला बसून डबा खाणारे निवृत्त लोक हमखास दिसतात. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा करंडक जिंकला, त्यामुळे आता त्यांना आपापसांत वाद घालायला तीन संघ मिळाले आहेत. जामठ्याच्या नव्या स्टेडियमला जायचे तर मेट्रो खापरीलाच थांबते आणि पुढची सोय स्वतः करावी लागते, म्हणून तिथे मुलांनी गाडीने सोडावे.

बुद्धिबळाचेही तसेच. जुलै 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या तीन आजोबांनी पट बाहेर काढला आहे. ते नातवंडांकडून हरतात आणि 'आमच्या काळी हा नियम नव्हता' असे म्हणतात.

सहलप्रेमी_काकू

मी बासष्ट वर्षांची आहे आणि आमच्या गटात सर्व वयाच्या बायका आहेत. आमची रीत सांगते. राज्याच्या एसटीत 75 पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे, 65 ते 75 मधल्यांना अर्धे तिकीट आहे, आणि मार्च 2023 पासून बायकांना कोणत्याही वयात अर्धे तिकीट आहे. त्यामुळे गणेशपेठच्या बसस्थानकावरून सकाळी निघायचे आणि दिवेलागणीला घरी यायचे, असा एक दिवस महिन्यातून काढतो. अदासा आणि धापेवाडा एका फेरीत होतात. धापेवाड्याला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. सेवाग्रामला गांधीजी 1936 मध्ये राहायला आले, तिथल्या कुटी अजून तशाच जपल्या आहेत, आणि तिथून पवनारचा आश्रम जवळ आहे. रामटेकला गडावर गाडीरस्त्याने जावे, पायऱ्यांचा हट्ट धरू नये.

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, म्हणून लांबचे प्रवास आम्ही कमी केले. व्याघ्रप्रकल्पातल्या जिप्सीचेही एकदा केले. वाघ दिसला, पण कंबर आठवडाभर दिसत राहिली. त्यापेक्षा गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयातली बसमधली सफारी आमच्या वयाला मानवते.

ऑरेंज_लाइन

'कंबर दिसत राहिली' हे वाक्य मी आजच घरी वापरणार आहे.

प्राध्यापक_निवृत्त

चर्चा जागांवर फार रेंगाळली आहे. जागा असतात, तिथे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेली माणसे नसतात. 1973 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठाने निवृत्तांसाठी 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' ही कल्पना सुरू केली. ती 1980 च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये गेली तेव्हा तिचे रूप बदलले: प्राध्यापक बोलावण्याऐवजी सदस्यच एकमेकांना शिकवू लागले. निवृत्त माळ्याने बागकाम शिकवायचे, निवृत्त बँकवाल्याने मोबाइलवरून होणारी फसवणूक ओळखायला शिकवायचे. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही.

नागपुरात याला अनुकूल पाया आहे. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचे विनामूल्य वर्ग याच वृत्तीवर चालतात: जो शिकला तो पुढे शिकवतो. योगासनांना जे जमते ते उर्दू लिपीला, संत्र्याच्या बर्फीला किंवा मृत्युपत्राच्या मसुद्याला का जमू नये? आम्ही काही जणांनी एका समाजभवनाची दुपार मागून घेतली. लग्नसराई सोडून ते दुपारी रिकामेच असते. पहिल्या महिन्यात वक्ते अधिक आणि श्रोते कमी अशी स्थिती होती, कारण निवृत्त माणसाला शिकवायची हौस असते, शिकायची नसते. मग नियम केला की जो एकदा बोलेल त्याने पुढचे चार वेळा ऐकायचे.

शुश्रूषा

सर्वांचे अनुभव वाचते आहे. ज्यांना घराबाहेर पडताच येत नाही त्यांच्याविषयीही कोणी लिहावे, असे वाटते. माझ्या यजमानांना कंपवात आहे. खुर्चीतून उठायला मदत लागते, आणि त्यांना सोडून मी बाहेर गेले तर कोणीतरी थांबावे लागते. पूर्वी त्यांच्याकडे येणारे मित्र सुरुवातीला दर आठवड्याला यायचे, मग सणावारी येऊ लागले. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. आजाऱ्यासमोर काय बोलावे हे लोकांना समजत नाही. एकच सुचवते: येताना काहीतरी करायला घेऊन या. एक शेजारी जुन्या गाण्यांचा साठा घेऊन येतात आणि दोघे मिळून गायक ओळखतात. तेवढा तास माझाही असतो.

स्नेहल_त्रिमूर्तीनगर

शुश्रूषा, तुम्ही कोणत्या भागात राहता ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या भजनी मंडळातल्या दोघी बुधवारी मोकळ्या असतात आणि त्यांना घरी येऊन गायला आवडेल. तुम्ही त्या वेळात बाहेर जाऊन आलात तरी चालेल.

मनीषनगरकर

इतक्या प्रतिसादांबद्दल आभार. सध्याची स्थिती कळवतो. बाबांनी संग्रहालयाला 'पाहिले आहे' असे म्हणून नकार दिला, मेट्रोला होकार दिला, आणि बर्डीच्या वाचनालयात दोन फेऱ्या करून 'लोक चांगले आहेत, पण कोणी बोलत नाही' असा अहवाल दिला. आईसाठी आम्ही मुलीच्या व्हॅनची वेळ मंगळवार आणि शुक्रवारी शेजारच्या ताईंकडे सोपवली आहे. त्या दोन दुपारी आई काय करते हे आम्ही विचारायचे नाही, अशी तिची अट आहे. नाट्य स्पर्धेचे वेळापत्रक जाहीर झाले की नाट्यवेडा यांनी इथे टाकावे. आता मुख्यतः बाबांचा प्रश्न उरला आहे.

अण्णा_धंतोली

बाबांना ब्रिज येतो का? आमचा चौथा भिडू मुलाकडे पुण्याला गेला आहे आणि परत येण्याची चिन्हे नाहीत.

मनीषनगरकर

ब्रिज येत नाही. रमी येते, आणि हरलेले त्यांना आवडत नाही.

अण्णा_धंतोली

रमीवाले आमच्याकडे वेगळ्या टेबलावर बसतात, कारण ते भांडतात. बाबांची तिथे सोय होईल. जागा तळमजल्यावर आहे, स्वच्छतागृह शेजारी आहे, कूलर वैद्यकी यांच्या सांगण्यावरून काल दाराशी सरकवला. पैसे लावत नाही. बुधवारी तीन वाजता पाठवा, पत्ता व्यनि करतो. चष्मा विसरू नये असे सांगा, आणि तुम्ही सोबत येऊ नका.